सेट म्हणजे काय, ते आजीला विचारा

डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ आणि मधे पट्टीने मारलेली उभी रेघ. भोर-वेल्ह्याकडच्या कुठल्याही वाडीवर शाळेत जाणाऱ्या मुलाचं दप्तर उघडा, ही वही निघतेच. टेक म्हणजे घेणे, रन म्हणजे धावणे, सेट म्हणजे ठेवणे. मूल ती वही इमानाने पाठ करतं. मग धड्यात 'द सन सेट' असं वाक्य येतं आणि गाडी अडते. सूर्य ठेवला? कोणी ठेवला आणि कुठे? मूल हा प्रश्न मोठ्याने विचारत नाही, कारण वर्गात विचारायची भीती वाटते आणि घरी विचारण्यात अर्थ नाही असं त्याला वाटतं. ते गाइडमधलं भाषांतर उतरवून घेतं आणि पुढे जातं. दहावीपर्यंत असे शेकडो शब्द वहीत साठतात, पण बोलायची वेळ आली की त्यातला एकही तोंडात येत नाही. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, 'आपल्याकडं कुणाला इंग्रजी येतंय, पोराला कुठून येणार?'

हे लिहिणं त्या मोठ्या माणसांसाठी आहे. आईबापांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंसाठीही. इंग्रजी क्रियापद नीट समजायला जे लागतं, ते तुमच्या घरात रोज बोललं जातं. ते मुलाला द्यायचं राहून जातंय, एवढीच अडचण आहे.

त्यासाठी 'सेट' हेच क्रियापद घेऊ, कारण इंग्रजीत याच्याइतकं पसरलेलं क्रियापद क्वचितच सापडेल. ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश १९२८ मध्ये पुरा झाला, तेव्हा त्यातली सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही पहिला मान तिचाच राहिला. सुमारे साठ हजार शब्दांची ती नोंद आणि अर्थ चारशे तीस. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा 'रन' हे क्रियापद तिच्या पुढे गेलं. त्याचे सहाशे पंचेचाळीस अर्थ निघाले, आणि पीटर गिलिवर या कोशकाराने त्या एका शब्दावर नऊ महिने घालवले. ज्यांची ती मायबोली, त्यातही ज्यांचा कोश हाच धंदा, त्यांना एका क्रियापदाला नऊ महिने लागतात. सहावीतल्या मुलाने तेच क्रियापद एका रेघेत आटोपावं, ही अपेक्षा आपण ठेवतो. चूक मुलाची नाही.

आता हे चारशे तीस अर्थ कुठल्याही माणसाच्या डोक्यात सुटे सुटे नसतात. इंग्लंडमधल्या शेतकऱ्याच्याही नसतात. त्याच्या मनात 'सेट'चा एक गाभा असतो, आणि वाक्यात सोबत कोण आलंय त्यावरून बाकीचं त्याला आपोआप कळतं. तो गाभा आपल्या मुलाच्या हातात द्यायचा असेल तर 'ठेवणे' हा अर्थ खोडा आणि त्या जागी 'बसवणे' लिहा.

हे मनाने जुळवलेलं नाही, शब्दाच्या जन्मातच ते आहे. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे, आणि 'सेट' हे त्याच 'सिट'चं प्रयोजक रूप आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सित्तन' म्हणजे बसणे आणि 'सेत्तन' म्हणजे बसवणे. जे स्वतः बसतं ते सिट, ज्याला दुसरा कोणी बसवतो ते सेट. मराठीत 'बसणे'ला 'व' लागून 'बसवणे' झालं, तिकडे आतला स्वर बदलून काम झालं.

वेल्ह्याकडच्या कुठल्याही घरी हे डोळ्यांनी बघता येतं. कोंबडी खुडूक झाली की तिचं खाण्यावरचं मन उडतं, पिसं फुलवून ती एका कोपऱ्यात बसून राहते आणि जवळ गेलं की गुरगुरते. घरातली म्हातारी संध्याकाळी डालगं काढते. तळाला भाताचा पेंढा पसरते, मुठीने दाबून मधे खळगा करते. अंडी एकेक हातात घेऊन दिव्यासमोर धरते, त्यातली दहा-बारा निवडते आणि पेंढ्यात मांडते. मग कोंबडी दोन्ही हातांनी अलगद उचलून त्यांवर ठेवते आणि वर पाटी झाकते. नात विचारते, "आजी, काय करतीस गं?" आजी म्हणते, "कोंबडी बसवतीय." एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात.

इंग्लंड-अमेरिकेच्या खेड्यांत याला 'सेट अ हेन' म्हणतात. शब्दाला शब्द तोच. कोंबडी अंड्यांवर बसते ते सिट, आणि आजी तिला बसवते ते सेट. नातीच्या वहीत 'ठेवणे' लिहिलंय. खरा अर्थ आजी बोलून गेली, आणि दोघींनाही त्याचा पत्ता नाही. आजीने ठेवली तर होतीच, पण नुसती ठेवली असती तर कोंबडी उठून गेली असती. ज्या जागी ती टिकावी, ज्या जागी तिचं काम सुरू व्हावं, तिथे तिला नेमकं लावून दिलं, ते बसवणं. 'पुट' आणि 'सेट' यांत हाच फरक आहे. हात काढून घेतल्यावरही वस्तू जिथल्या तिथे राहावी, अशी तजवीज 'सेट'मध्ये असते.

हा धागा हातात आला की पुढचं मूल स्वतः ओढत नेतं. निसटलेलं हाड बसवतात, ते सेट. अंगठीत खडा बसवतात, तेही सेट. वाटणीच्या वेळी बांधाला दगड रोवून हद्द बसवतात, कंपनीत यंत्राचा काटा शून्यावर आणतात, पंचायत सभेची तारीख नक्की करते, सोसायटी भाताचा दर बांधते, तिथे तिथे इंग्रजीत 'सेट' चालतं, कारण हलणारी गोष्ट एका जागी पक्की करणं हेच त्या सगळ्यांत आहे. सिमेंटही सेट होतं. गवंडी हा शब्द रोज वापरतात आणि त्यांना तो कोणी समजावून द्यावा लागलेला नाही. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटला पहिला सेट तीस मिनिटांच्या आत येता कामा नये आणि शेवटचा सहाशे मिनिटांपलीकडे जाता कामा नये. म्हणजे कालवलेला माल लोखंडी घमेल्यातून जागेवर ओतायला वेळ मिळावा आणि त्यानंतर त्याने जागा धरावी. आयटीआय करून शिरवळच्या किंवा पुण्याच्या कारखान्यात लागलेल्या पोरांमध्ये 'सेटर' ही वेगळी जागा असते. जॉब यंत्रावर नेमका बसवणारा तो सेटर, आणि त्याला नुसत्या ऑपरेटरपेक्षा पगार बरा मिळतो. अशा दादाला घरी बोलवून धाकट्या भावंडांना सांगायला लावा, की कारखान्यात सेटिंग म्हणजे तो नेमकं काय करतो. गाइडच्या दहा पानांनी होत नाही ते काम त्या एका तासात होईल.

सगळीकडे 'बसवणे' चालेल असं मात्र मुलाला सांगू नका. गणपती बसवतात, घट बसवतात, सरकार कर बसवतं, गावात भजन बसवतात, पण यांतल्या बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत दुसरी क्रियापदं येतात. उलट बाजूनेही तसंच. सापळा लावतात, गजर लावतात, आग लावतात, आणि इंग्रजीत हे तिन्ही 'सेट'. आपण पानं मांडतो, तिथे टेबल 'सेट' करतात. परीक्षेचा पेपर काढणारे गुरुजी तिकडे पेपर 'सेट' करतात. दह्याला आपण 'लागलं' म्हणतो, तिकडे दही 'सेट' होतं. पावसाची झड लागली की इंग्रजी माणूस 'सेट'ला 'इन' जोडून तेच सांगतो. 'बसवणे', 'लावणे', 'मांडणे' ही आपली तीन क्रियापदं शेजारी शेजारी ठेवली, तर 'सेट'चा बहुतेक मुलूख त्यांत येतो. हे कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा चुलीजवळच्या माणसांना जास्त पक्कं ठाऊक असतं. वेल्ह्याच्या खाचरात चिखलणी झाल्यावर ओळीने वाकून भाताची रोपं लावणाऱ्या बाईला विचारा की 'लावणे' कुठे कुठे म्हणता. रोप लावते, दिवा लावते, कुकर लावते, दार लावते, टीव्ही लावते, पोराला कामाला लावते, सात-बाऱ्यावर नाव लावून घेते, नातवाला जीव लावते. एवढ्या अर्थांची यादी कोणी पाठ केलेली नसते, आणि तरी तिची एकदाही गफलत होत नाही. इंग्रजी क्रियापदही असंच यायला हवं आणि असंच येतं.

सूर्याचा प्रश्न राहिला. सूर्य 'सेट' होतो याला आपण 'मावळतो' म्हणतो. भोर आणि वेल्हे हा तर मावळचाच मुलूख आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ ही नावं शिवकाळापासूनची, आणि मावळतीकडचा प्रदेश म्हणून मावळ असं जाणती माणसं सांगत आली आहेत. मुलाला राजगड-तोरण्याच्या मागे दिवस जाताना दाखवा. सूर्य खाली येतो, डोंगराच्या धारेला टेकतो, बसतो. मध्ययुगातल्या इंग्रजांनाही तो असाच बसताना दिसला आणि त्यांनी तिथे 'सेट' वापरलं. एवढं सांगितलं की 'कोणी ठेवला' हा प्रश्नच उरत नाही.

आता व्याकरणातली एक गोष्ट, जी शाळेत सांगितली तर मुलांचे फार कष्ट वाचतील. मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या आहेत. एकात गोष्ट आपली आपण घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. इंग्रजीत अशा जोड्या आता थोड्याच उरल्या आहेत, पण आहेत त्या रोजच्या वापरातल्या. सिट-सेट, फॉल-फेल, राइज-रेझ, लाय-ले. 'फॉल' म्हणजे पडणे, आणि झाड पाडणे याला 'फेल'. 'राइज' म्हणजे वर येणे, 'रेझ' म्हणजे वर आणणे. 'लाय' आणि 'ले' यांत खुद्द इंग्रज माणसं चुकतात. ज्याला पडणे-पाडणे कळतं, त्याला या जोड्या नव्याने शिकाव्या लागत नाहीत. 'तुझ्याकडं आहे तसंच त्यांच्याकडंही आहे' एवढं सांगितलं तरी पुरतं. आणि 'सेट'ची एक सोय अशी, की काल बसवलं तरी सेट आणि आज बसवलं तरी सेट, भूतकाळाला रूप बदलत नाही.

शब्दाचं मूळ सांगण्याने मुलाला गोडी लागते, हे ज्यांनी एकदा करून पाहिलं ते पुन्हा सोडत नाहीत. 'सिट' आणि 'सेट' यांचं मूळ फार जुनं आहे, आणि त्याच मुळाची संस्कृत शाखा म्हणजे 'सद्' हा बसण्याचा धातू. त्यातून सदन आलं, सदस्य आला, संसद आली. परिषद म्हणजे सभोवार बसणं. तुमचं मूल ज्या जिल्हा परिषद शाळेत जातं, तिच्या पाटीवरच हा धातू लिहिलेला आहे. 'सत्र' हा शब्दही सद् पासूनचा. आधी यज्ञाची दीर्घ बैठक, मग अन्नसत्र, आणि आता सहामाहीला म्हणतात ते प्रथम सत्र. लॅटिनमध्ये याच मुळाचं 'सेदेरे' झालं आणि त्यातून इंग्रजीला 'सेशन' मिळाला. पुण्यात जे सत्र न्यायालय आहे त्याला इंग्रजीत 'सेशन्स कोर्ट' म्हणतात. नावाचे दोन्ही भाऊ एकाच घरचे, हजारो वर्षांनी एका पाटीवर भेटलेले. पाण्याच्या तळाशी बसलेल्या गाळाला 'सेडिमेंट' म्हणतात, तेही इथलंच. वेळवंडीच्या पाण्यावर १९२८ च्या सुमारास पुरं झालेलं भाटघर धरण उन्हाळ्यात उघडं पडतं, तेव्हा काठावरचा गाळ दाखवत आपण 'गाळ बसला' म्हणतो. सेडिमेंटचाही मूळ अर्थ 'बसलेलं' असाच आहे. पक्ष्याच्या घरट्याला इंग्रजीत 'नेस्ट' आणि संस्कृतात 'नीड'. दोन्हींचा अर्थ खाली बसायची जागा, आणि दोन्ही त्याच सद् च्या कुळातले.

आपलं 'बसणे' मात्र या घरचं नाही. ते 'उपविश्'पासून 'बैसणे' होऊन आलेलं, म्हणजे त्याचा धातू विश्. 'सेट' आणि 'बसवणे' यांची घडण एक आहे, रक्त एक नाही. हा फरक मुलाला सांगायलाच हवा.

आणखी एक धागा खास भोरचा आहे. चहाचा सेट, भांड्यांचा सेट म्हणतो तो 'सेट' वेगळा. तो या क्रियापदातून निघालेला नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिनचा 'सेक्ता' हा शब्द आहे. सेक्ता म्हणजे कोणाच्या तरी मागे जाणारा समुदाय. मागे जाणे, सोबत असणे या अर्थाचा जो लॅटिन धातू, त्याचं संस्कृत भावंड 'सच्', आणि त्या सच् पासून 'सचिव', म्हणजे सोबत राहणारा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास कारभारातल्या फारशी पदनामांना संस्कृत नावं दिली गेली आणि सुरनिसाचा सचिव झाला. राज्यव्यवहारकोश त्याच खटाटोपातला. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळालं, आणि त्यांच्या घराण्याने १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोर संस्थान सांभाळलं. भोरच्या राजवाड्यासमोरून शाळेला जाणाऱ्या मुलाला पंतसचिव हा शब्द ऐकून माहीत असतो. घरातल्या कपबशांच्या सेटशी त्याचं दूरचं नातं आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सांगून पाहा, तो शब्द जन्मभर विसरणार नाही.

पण इथेच सावध राहायला हवं. हल्ली मोबाइलवर असे निरोप फिरतात की सगळी इंग्रजी भाषा संस्कृतमधून निघाली, अमका शब्द आपला, तमका शब्द चोरलेला. कृपा करून हे मुलांना सांगू नका. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी मांडलं ते असं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एखाद्या समान मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ आता कदाचित उरलेलंही नसेल. इंग्रजी ज्या शाखेतली, ती जर्मानिक शाखाही त्याच कुळातली. नातं बहिणी-बहिणींचं आहे, आई-लेकीचं नाही. आणि नुसता आवाज जुळला म्हणून नातं ठरत नाही. इंग्रजीत वाईटाला 'बॅड' म्हणतात आणि बदनाम, बदसूर यांतला फारशी 'बद'ही वाईटच. उच्चार जवळ, अर्थ तोच, तरी दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नातं ठरतं ते ध्वनी ठरलेल्या नियमाने बदलत गेल्याचे दाखले मिळाले तर. घरात मूळ शोधायचं असेल तर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश आहे, शाळेच्या ग्रंथालयाने तो घ्यावा. कोशात न बघता मूळ सांगू नका, आणि कोश काही सांगत नसेल तर मुलाला तसंच सांगा.

आता वहीचं काय करायचं? ती उभी रेघ बंद करा. शब्दासमोर शब्द लिहायचाच नाही, शब्दासाठी वाक्य लिहायचं. 'सेट' असं एकटं लिहून काही हाती लागत नाही. 'आजीने कोंबडी बसवली' हे इंग्रजीत लिहा, खाली 'दही लागलं' लिहा, खाली 'दिवस मावळला' लिहा. तिन्हींत 'सेट' अधोरेखित करा आणि सोबत कोण आलंय ते मुलाला मोठ्याने म्हणायला लावा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. ज्या मुलांच्या घरात इंग्रजीचा गंध नाही, त्यांच्यासाठी त्यांनी १९४२ मध्ये टोकियोत एक कोश काढला आणि त्यात क्रियापदं वाक्यात कुठल्या साच्यांत बसतात ते पद्धतशीर दाखवलं. १९४८ पासून तो ऑक्सफर्डने छापला, आणि आज जगभरची मुलं वापरतात तो हाच कोश. म्हणजे घरी इंग्रजी नसलेल्या मुलांसाठी वाट पूर्वीच पडलेली आहे. आपल्या मुलाला त्या कोशाची एक जुनी प्रत घेऊन द्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, गाइडच्या किमतीत काम होईल.

'सेट'च्या मागे येणाऱ्या बारक्या शब्दांकडे गुरुजी-बाईंनी जास्त लक्ष द्यावं ही विनंती. मोठा अर्थ तिथे फिरतो. 'सेट अप' म्हणजे उभारणे, थाटणे. 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणे. 'सेट असाइड' म्हणजे बाजूला काढून ठेवणे, जसं मळणी झाल्यावर पुढच्या वर्षीच्या बियाण्याचं भात कणगीत वेगळं ठेवतात. मराठीत हेच काम आपण क्रियापदाला क्रियापद जोडून करतो. बसवून टाकणे, बसवून घेणे, बसवून देणे, बसवून ठेवणे यांतला फरक मूल तीन वर्षांचं असल्यापासून जाणतं. हे त्याच्याकडून वदवून घ्या आणि मग इंग्रजीकडे वळा. त्याने वेळ जात नाही, वाचतो.

महाराष्ट्रात सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. तेव्हा जी मुलं पहिलीत होती, ती आज स्वतः आईबाप आहेत. त्यांतल्या अनेकांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातलंय, त्यासाठी भोर शहरात किंवा थेट पुण्यात बिऱ्हाड हलवलंय, आणि त्या धडपडीमागची तळमळ खरी आहे. त्यावर टीका करायची नाही. पण ज्या घरात आईबाप मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागले आणि आजी गप्प बसू लागली, तिथे मुलाचं दोन्हीकडून नुकसान होतंय. इंग्रजी काही नवीन उगवत नाही आणि ज्याच्या आधाराने ते समजलं असतं ती मराठी पातळ होत जाते. आजीला गप्प बसवू नका. तुम्ही घरी मराठी बोला, भरपूर बोला, शेतातलं, चुलीवरचं, गोठ्यातलं सगळं नावानिशी बोला. इंग्रजीचं काम शाळेला आणि कोशाला करू द्या, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे मुलाजवळ बसा.

एक काम मात्र गावाने मिळून करावं असं आहे. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डच्या त्या कोशासाठी साध्या वाचकांना आवाहन केलं होतं. वाचताना शब्द जसा वापरलेला दिसेल, तसा वाक्यासकट चिठ्ठीवर लिहून आम्हाला पाठवा. लोकांनी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या पाठवल्या. मरे १९१५ मध्ये गेले, पुरा कोश त्यांना बघायला मिळाला नाही, पण 'सेट'ची ती भली मोठी नोंद अशा चिठ्ठ्यांवरच उभी राहिली. मराठीतही मोलस्वर्थचा कोश १८३१ चा, १८५७ ची त्याची वाढवलेली आवृत्ती आजही कामाला येते. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये झाला. दोन्ही आता इंटरनेटवर फुकट बघता येतात. कानद खोऱ्यातली, गुंजण मावळातली, वेळवंड खोऱ्यातली माणसं 'बसणे', 'लावणे', 'मांडणे' जशी वापरतात, ते सगळं त्या कोशांत आलेलं नाही. भात, गुरं, पाऊस आणि डोंगर यांचं बोलणं ज्यांच्या तोंडी आहे ती पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे.

म्हणून येत्या लावणीच्या दिवसांत गुरुजी-बाईंनी मुलांना एवढाच गृहपाठ द्यावा. घरच्या वडीलधाऱ्याजवळ बसायचं, 'बसवणे' आणि 'लावणे' कुठे कुठे म्हणतात ते विचारायचं, प्रत्येकाचं पूर्ण वाक्य त्यांच्याच तोंडच्या शब्दांत वहीत उतरवायचं आणि खाली गावाचं नाव लिहायचं. जे कोशात मिळणार नाही त्यावर खूण करायची. मग त्याच पानावर, जमेल तेवढं, इंग्रजी. आईबापांनी त्या संध्याकाळी टीव्ही बंद ठेवावा, आणि आजी-आजोबांनी 'आम्हाला काय कळतंय' असं म्हणून उठून जाऊ नये.